बोलण्याचें मोल

पेशवाईंत श्रावण महिना आला म्हणजे पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दक्षिणेसाठीं ब्राह्मणांची दाटी होत असे, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस नवी नाहीं. तळेगांवच्या दाभाड्यांनीं सुरू केलेली ही प्रथा पुढें पेशव्यांनीं मोठ्या प्रमाणावर चालविली. विद्येस आश्रय मिळावा हा तिचा मूळ हेतु. मोठमोठ्या शास्त्र्यांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणें त्यांची संभावना होई, हेंहि खरें. परंतु रमण्याच्या दारांतून आंत शिरणाऱ्याच्या हातावर कांहीं तरी पडतेंच, हें एकदां सर्वतोमुखीं झाल्यावर तेथें विद्या किती जमली असेल आणि नुसतीं माणसें किती जमलीं असतील, याचा अंदाज करण्यास इतिहाससंशोधकाची आवश्यकता नाहीं. पुढें राज्य गेलें. इंग्रज सरकारनें दक्षिणेचा खर्च आखडला. त्यांतील कांहीं रक्कम १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे आणि पुढें मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळली. आणि रमण्यांतली गर्दी ओसरली. ती कोठें गेली असें विचारण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. तेथें आलेलीं माणसें एकमेकांसाठीं आलीं नव्हतीं. दक्षिणेसाठीं आलीं होतीं.

हा रमणा मला अलीकडे वारंवार आठवतो. आमच्या महाविद्यालयांतील वाणिज्य शाखेचे एक तरुण प्राध्यापक नव्या अर्थव्यवहाराचे मोठे अभिमानी आहेत. मधल्या सुटींत चहा घेतां घेतां ते मला म्हणाले, “सर, लिहिणाऱ्याला क्रिप्टोच्या नाण्यांत मोबदला देणारीं समाजमाध्यमें आज लहान दिसतात, तीं केवळ लोकांना त्यांची ओळख नाहीं म्हणून. पांच वर्षांत पाहा!” हें ‘पांच वर्षांत पाहा’ मी गेलीं कित्येक वर्षें ऐकत आलों आहें. इतक्या अवधींत लावलेल्या नारळाला नारळ धरतो. हें झाड अजून कां वाढलें नाहीं, याचा विचार त्या झाडाच्या अभिमान्यांनीं केला नसेल तर तो इतरांनीं केला पाहिजे. कारण त्याला पाणी घालण्यास आमचेच विद्यार्थी बोलावले जात आहेत.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासह मांडला पाहिजे. कारण तो पोकळ नाहीं. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवर लिहितात कोण? आपण. वाचतात कोण? आपणच. मुलीच्या बारशाचीं छायाचित्रें, गांवच्या जत्रेचें वर्णन, आपलीं भांडणें आणि आपले शोक, हा सारा माल आपण फुकट पुरवितों. त्याभोंवतीं जाहिराती मांडून जो पैसा उभा राहतो तो मात्र कॅलिफोर्नियांतील कंपनीच्या पेटींत जातो. शेतकऱ्यानें ऊंस फुकट घालावा आणि कारखानदारानें साखर विकावी, अशांतलाच हा व्यवहार. तेव्हां नव्या मताचे लोक म्हणतात कीं, मालकच नसलेलें माध्यम काढावें. त्याचें स्वतःचें एक आभासी नाणें पाडावें. दररोज ठराविक प्रमाणांत नवीं नाणीं निर्माण करून, ज्याच्या लेखाला सभासदांचीं मतें अधिक पडतील त्याला तीं अधिक वाटावीं. आणि हीं नाणीं बाजारांत विकून लेखकानें रोख पैसे करावे. रोगाचें हें निदान मला मान्य आहे. माझा वाद आहे तो औषधाशीं.

हें औषध कागदावरच राहिलें असतें तर वादाचें कारण नव्हतें. पण तें पाजून झालें आहे आणि त्याचा परिणामहि दिसून आला आहे. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं मार्च २०१६ मध्यें ‘स्टीमिट’ नांवाचें असें माध्यम सुरू केलें. ४ जुलै रोजीं लेखकांस पहिला मोबदला मिळाला आणि त्याच महिन्यांत ‘स्टीम’ या नाण्याचा भाव चार डॉलरांच्या वर चढला. लोकांची रीघ लागली. मार्च २०१७ मध्यें तोच भाव दहा सेंटांच्याहि खालीं होता. आभासी नाण्यांचा जागतिक ज्वर शिगेला पोंचला तेव्हां, जानेवारी २०१८ मध्यें, तो पुन्हा सात डॉलरांपलीकडे गेला; वर्ष संपतां संपतां अर्ध्या डॉलरच्या आंत आला; आणि नोव्हेंबरांत कंपनीनें आपल्या सुमारें सत्तर टक्के नोकरांस घरीं बसविलें. आपल्या देशांतील उदाहरण ‘चिंगारी’ या चित्रफितींच्या माध्यमाचें. जून २०२० मध्यें सरकारनें टिकटॉकवर बंदी घातल्यावर त्याचा बोलबाला झाला. पुढें ‘गारी’ नांवाचें नाणें काढण्यांत आलें आणि सलमान खानसारखा नट त्याच्या जाहिरातीस उभा राहिला. जुलै २०२२ मध्यें त्या नाण्याचा भाव एका दिवसांत निम्म्याहून पुष्कळ खालीं कोसळला आणि २०२३ मध्यें तेथेंहि नोकरकपात झाली. दोन खंड, दोन प्रकार, एक लेखांचा व दुसरा नाचगाण्यांचा. पण चढ आणि उतार एकाच वळणाचे.

आमच्या वाणिज्यविशारद मित्रांजवळ याचीं तीन कारणें तयार असतात. पहिलें असें कीं, व्यवहार कठीण आहे: नाण्याच्या तिजोरीची लांबलचक किल्ली जपून ठेवावी लागते, ती हरवली तर नाणीं गेलींच. दुसरें असें कीं, सरकार प्रतिकूल आहे: एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर, जुलैपासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का कपात, आणि एका नाण्यांतला तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा करण्याचीहि सोय नाहीं. तिसरें असें कीं, प्रचार अपुरा पडला.

हीं तिन्ही कारणें खरीं आहेत आणि तिन्ही अपुरीं आहेत. ज्या २०१६ सालीं स्टीमिट निघालें त्याच सालीं आपल्याकडे यूपीआयची पद्धति निघाली. कपिलतीर्थ मंडईंत कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या आजीबाई आज टोपलीशेजारीं काळ्यापांढऱ्या चौकटींचा कागद लावून बसतात आणि पैसे जमा झाल्याचा आवाज ऐकल्याखेरीज जुडी हातांत देत नाहींत. ज्या समाजानें ही गोष्ट आत्मसात केली, त्याला एक किल्ली संभाळणें अशक्य होतें असें मानणें म्हणजे त्याचा अपमान आहे. यूपीआयच्या आरंभीं कंपन्यांनीं थोड्याफार बक्षिशीचें आमिष दाखविलें, हें मी विसरलेलों नाहीं. पण ती बक्षिशी आटल्यावरहि लोक राहिले, कारण त्यांना मुळांत पैसे पाठवावयाचेच होते. सरकारी कराविषयीं म्हणाल, तर स्टीमची पडझड आपला कर येण्यापूर्वीं चार वर्षें, आणि आपला कर जेथें लागू नाहीं अशा देशांतून झाली. राहिला प्रचार. सलमान खानहून मोठा डांगोरा या देशांत कोणता पिटावयाचा होता?

खरीं कारणें याहून खोल आहेत. त्यांतलें पहिलें साध्या अंकगणिताचें आहे आणि तें समजावयास कोल्हापुरासारखें दुसरें गांव नाहीं. आमच्या जिल्ह्याचा सहकारी दूधसंघ १९६३ सालीं निघाला. डोंगराआडच्या वाडींतली बाई पहांटे डेअरींत दूध घालते, त्याची फॅट मोजली जाते आणि दर दहा दिवसांनीं तिच्या दुधाचें बिल होतें. हा पैसा येतो कोठून? दुसऱ्या दूध घालणाऱ्या बाईकडून तो येत नाहीं. तो मुंबईच्या आणि पुण्याच्या ज्या घरांत सकाळीं चहा होतो त्या घरांतून येतो. पिणारा बाहेर आहे, त्याला दुधाची गरज आहे, आणि म्हणून घालणारीला मोल आहे. आतां नाण्याच्या माध्यमाकडे पाहा. तेथें लेखकाला मिळालेलें नाणें विकत घेतो कोण? वाचक घेत नाहीं. वाचक फुकट वाचतो. जाहिरातदाराचा पैसाहि नाण्याच्या भावाला आधार देण्याइतका येत नाहीं. तें विकत घेतो तो, उद्यां आपल्यालाहि तें अधिक भावानें विकतां येईल या आशेनें आलेला नवा सभासद. म्हणजे दूध घालणारी दुसऱ्या दूध घालणारीच्या पैशावर जगते आणि दूध मात्र कोणीच पीत नाहीं!

आपल्या घरोघरच्या बायका भिशी लावतात. दहा जणींनीं हजार हजार रुपये घालावे आणि दरमहा एकीनें दहा हजार उचलावे. भिशी प्रामाणिक असते, कारण जितकें घातलें तितकेंच परत मिळणार हें प्रत्येकीस ठाऊक असतें. परंतु सर्व दहा जणींना घातल्यापेक्षां अधिक मिळेल असें सांगणारी भिशी कोणी काढली, तर तिच्यांत अकरावी, बारावी, विसावी बाई सतत येत राहिली पाहिजे. आणि ज्या महिन्यांत नवी बाई येणार नाहीं त्या महिन्यांत हिशेब उघडा पडला पाहिजे. महाराष्ट्रांत २०१८ सालीं गाजलेलें ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण पुष्कळांस आठवत असेल. दरमहा दहा टक्क्यांप्रमाणें अठरा महिने परतावा देण्याचें तेथें आश्वासन होतें. आणि बिटकॉइन देणें अशक्य झालें तेव्हां घरचेंच ‘एमकॅप’ नांवाचें नवें नाणें लोकांच्या पदरांत टाकण्यांत आलें, असा आरोप आहे. नाण्यांचीं समाजमाध्यमें काढणारे सर्वच या माळेचे मणी आहेत असें मी म्हणत नाहीं; स्टीमिट काढणाऱ्यांनीं आपले नियम उघड छापले होते. पण हेतु शुद्ध असला म्हणून बेरीज बदलत नाहीं. स्टीमच्या मूळ योजनेंत नाण्यांची संख्या वर्षांत जवळजवळ दुप्पट व्हावयाची होती. डिसेंबर २०१६ मध्यें ही वाढ साडेनऊ टक्क्यांवर आणावी लागली. कारण नाणीं पाडणें सोपें असतें. घेणारा निर्माण करणें सोपें नसतें.

दुसरें कारण असें कीं, या पद्धतींत वाचक नाहींसा होतो. शाहू छत्रपतींनीं १९१२ सालीं बांधविलेलें खासबाग मैदान आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. हलगी कडाडते, दोन मल्ल तांबड्या मातींत उतरतात आणि हजारों लोक श्वास रोखून पाहतात. त्या हजारोंनीं तिकीट काढलेलें असतें म्हणून जिंकणाऱ्याच्या हातीं इनाम पडतें. पण समजा, उद्यां असा पुकारा झाला कीं, पाहणाऱ्यांपैकीं जो मातींत उतरेल त्यालाहि इनामाचा वांटा मिळेल. सारें मैदान लंगोट कसून खालीं उतरेल. मग कुस्ती पाहणार कोण? आणि न पाहिलेल्या कुस्तीला इनाम कोठून? नाण्याच्या माध्यमावर तेंच झालें. जो तो लिहूं लागला. जो तो दुसऱ्याच्या लेखाखालीं ‘उत्तम, फार सुंदर’ असें लिहूं लागला, तें लेख वाचून नव्हे, तर परतफेड म्हणून आपल्या लेखास मत पडावें यासाठीं.

आणि मत तरी कसलें? तेथें माणशीं एक मत नव्हतें. ज्याच्या खात्यांत जितकीं नाणीं गोठवून ठेवलेलीं, तितकें त्याच्या मताचें वजन. शंभर वाचकांनीं आवडलें म्हणावें आणि त्याचें मोल कांहीं पैसे भरावें. एका धनाढ्यानें न वाचतां बोट टेंकवावें आणि त्याचें मोल शंभर डॉलर भरावें. धनाढ्य स्वतःच्याच लेखांना मत देऊं लागले. आणि पुढें तर मतें विकणारीं यंत्रें निघालीं. त्यांच्याकडे ठराविक रक्कम पाठविली कीं, लेख कसलाहि असो, यंत्र आपलें मत त्याला घाली. साहित्याची परीक्षा रसिकांनीं करावी कीं पंडितांनीं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ती भागधारकांनीं करावी असें मात्र आजवर कोणी म्हटलें नव्हतें.

मालक नसलेल्या लोकराज्याचा जो डौल होता त्याचेंहि काय झालें पाहा. फेब्रुवारी २०२० मध्यें जस्टिन सन या धनिकानें स्टीमिट कंपनीच विकत घेतली. तिच्याबरोबर आलेल्या नाण्यांच्या ढिगाच्या जोरावर तो सारी सत्ता बळकावील, या भीतीनें सभासदांनीं निवडलेल्या पंचांनीं त्या ढिगाचें मत गोठविलें. मार्चच्या आरंभीं कांहीं मोठ्या विनिमयपेढ्यांनीं आपल्याकडे ग्राहकांनीं ठेवलेलीं नाणीं त्या मतदानांत ओतलीं आणि जुने पंच हां हां म्हणतां दूर झाले. ठेवीदाराच्या ठेवीवर सावकारानें मत द्यावें, असलें हें लोकराज्य! २० मार्च रोजीं नाराज सभासद वेगळे झाले आणि त्यांनीं ‘हाइव्ह’ नांवाचें नवें माध्यम थाटलें. त्यांच्या धैर्याचें मला कौतुक आहे. पण त्यांनीं घर बदललें. घराचा पाया तोच ठेवला. हाइव्हवरहि मताचें वजन नाण्यांनींच मोजलें जातें.

तिसरें कारण मला अधिक जिव्हाळ्याचें आहे, कारण तें मराठीचें आहे. माझा एक विद्यार्थी करवीर तालुक्यांतल्या एका गुऱ्हाळवाल्याचा मुलगा. वर्गांत तो फारसा बोलत नसे. पण एकदां त्यानें गुऱ्हाळावर निबंध लिहून आणला, तो मीं अजून जपून ठेवला आहे. काहिलींतल्या रसावर येणारी मळी, ती काढण्यासाठीं घातलेलें भेंडीचें पाणी, चुलवाणांत चिपाडें सारणाऱ्या माणसाचे भाजलेले हात, आणि पाक पाण्यांत टाकून बोटांनीं चाचपणारा गुळव्या, ज्याच्या एका होकारावर साऱ्या काहिलीचें नशीब ठरतें. असें मराठी गद्य पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. २०१७ सालीं तो अशाच एका नाण्याच्या माध्यमावर लिहूं लागला. आरंभीं त्यानें मराठींत चार लेख लिहिले. चारांचें मिळून चहाचेहि पैसे आले नाहींत. येणार कसे? ज्यांच्या मताला वजन होतें ते धनिक कोणी अमेरिकेंत, कोणी कोरियांत. त्यांना मराठीचें एक अक्षर कळत नव्हतें. तेव्हां कोणा हितचिंतकानें त्याला सल्ला दिला कीं, इंग्रजींत लिही आणि नाण्याच्या भावाविषयीं लिही. त्यानें तसें लिहिलें. पैसे आले. मग मताचें वजन वाढावें म्हणून त्यानें शिकवणीच्या मिळकतींतून स्वतः नाणीं विकत घेतलीं आणि तीं गोठविलीं. तीं सोडविण्यास तेव्हां तेरा आठवडे लागत. आणि भाव पडूं लागला तेव्हां तेरा आठवडे हा फार मोठा काळ ठरला.

तो मला भेटला तेव्हां पैशाचें दुःख त्यानें एका वाक्यांत संपविलें. “सर, तेवढे जायचेच होते,” म्हणाला. मीं विचारलें, “गुऱ्हाळावर मोठें पुस्तक लिहिणार होतास, त्याचें काय झालें?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आतां लिहायला बसलों कीं पहिल्यांदा मनांत येतं, याला मतं किती पडतील?” मला त्या तरुणाचा राग आला नाहीं. ज्यांनीं त्याला ही संवय लावली आणि तिला ‘लेखकाचें स्वातंत्र्य’ असें नांव दिलें, त्यांचा मात्र आला. जगांतल्या कोणत्याहि लहान भाषेला या व्यवस्थेंत हीच वागणूक मिळावयाची. कारण तेथें रसिकता मोजण्याचें मापच नाण्यांचें आहे आणि नाणीं मराठी माणसाच्या हातीं नाहींत.

चवथें कारण मानवी स्वभावाचें. रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळीं पेन्शनर मंडळी जमतात. तालमीच्या दारांत रात्रीं पोरांच्या गप्पा रंगतात. उद्यां कोणी सद्गृहस्थ तेथें येऊन म्हणाला कीं, जो विनोद करील त्याला दोन रुपये आणि जो हंसेल त्याला आठ आणे, तर पहिल्या दिवशीं गंमत होईल; दुसऱ्या दिवशीं अनोळखी लोक येऊन जागा धरतील; आठवड्यानें जुनी मंडळी उठून दुसऱ्या कट्ट्यावर जातील; आणि दोन रुपये बंद झाले कीं तो कट्टा ओस पडेल. कांहीं गोष्टी मोलानें दिल्या कीं त्यांची जातच बदलते. रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञानें १९७० सालीं रक्तदानाविषयीं ग्रंथ लिहून हेंच सांगितलें. इंग्लंडांत लोक रक्त फुकट देत आणि अमेरिकेंत पुष्कळसें विकत घेतलें जाई. त्याचें म्हणणें असें कीं, रक्ताला किंमत लावल्यानें रक्ताचा दर्जाहि बिघडतो आणि देण्याची वृत्तिहि खालावते.

आपल्या भाषेंतलींच उदाहरणें पाहूं. ‘मायबोली’ हें मराठी माणसांचें जाळ्यावरचें बैठकघर १९९६ सालीं अमेरिकेंत निघालें; ‘मिसळपाव’ २००७ सालीं आलें. पाककृतीपासून ज्ञानेश्वरीपर्यंत सर्व विषयांवर तेथें लोकांनीं रात्र रात्र जागून लिहिलें, भांडणें केलीं, दिवाळी अंक काढले. मोबदला? ‘वाः!’ म्हणणारे चार जाणते वाचक. व्हॉट्सॲपच्या काळांत तेथील वर्दळ कमी झाली असेल. पण तेथें घडला तो समाज होता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. तोहि विनामोबदला लिहिणाऱ्यांनींच उभा केला. याच्या उलट ‘एव्हरिपीडिया’ नांवाचा ज्ञानकोश २०१८ पासून लेखकांस ‘आयक्यू’ नांवाचें नाणें देऊं लागला. खुद्द विकिपीडियाचे एक संस्थापक लॅरी सँगर कांहीं काळ त्याच्या बाजूस होते. शेवटीं २०२२ च्या सुमारास त्याचें रूपांतर झालें तें मुख्यतः आभासी नाण्यांचीच माहिती देणाऱ्या कोशांत! सर्व जगाचें ज्ञान सांगावयास निघालेला ग्रंथ अखेर नाण्यांविषयींच बोलूं लागला. नाण्याच्या माध्यमांवर बहुतेक लिखाण नाण्याविषयींचेंच असतें, याचें मर्म यांत आहे: जेथें माणसें ज्या गोष्टीसाठीं जमतात तीच त्यांच्या बोलण्याचा विषय होते. नांव समाजमाध्यम, पण त्यांत समाज कोठें आहे? मध्यें नाणें आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दलाल आहेत.

येथें आमचे वाणिज्यविशारद मित्र मला हटकतील, आणि त्यांचें हटकणें योग्य असेल. ते म्हणतील, “सर, तुम्हांला दरमहा वेतन मिळतें, तेव्हां लेखकानें फुकट लिहावें, हा उपदेश तुम्हांला शोभतो!” मी तसें म्हणत नाहीं. लेखणीवर जगणें यांत कमीपणा मुळींच नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ पासून सात वर्षें निघाली ती दक्षिणेच्या पारितोषिकावर नव्हे, तर वर्गणीदारांच्या बळावर. यूट्यूबवर चित्रफिती करणाऱ्यांस आज जाहिरातीच्या उत्पन्नांतला निम्म्याहून अधिक वांटा मिळतो, आणि खेड्यांतल्या कित्येक मुलामुलींचे संसार त्यावर चालतात. कारण तो पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाचा असतो आणि रुपयांत येतो. त्या व्यवस्थेचे दोष निराळे आहेत, त्यांवर निराळा लेख लिहितां येईल. माझें म्हणणें एवढेंच कीं, लिहिणाऱ्याला मोल द्यावें तें वाचणाऱ्यानें, किंवा वाचणाऱ्यापाशीं ज्याला पोंचावयाचें आहे त्यानें. दुसऱ्या लिहिणाऱ्याच्या खिशांतून काढलेलें मोल हें मोल नव्हे, तो नुसता हात बदलणारा तोटा आहे.

आणि आतां, सुज्ञ वाचकहो, थोडें आपल्या स्वतःविषयीं. नाणें पाडणाऱ्यांचें फावलें तें कोणामुळें? ज्या घरांत महिन्याला मोबाइलचें, दूरचित्रवाणीचें आणि नव्या मालिकांचें भाडें निमूट भरलें जातें, त्याच घरांत मराठी मासिकाच्या वर्गणीचा विषय निघाला कीं ‘हल्लीं वाचायला वेळ कोठें मिळतो?’ असें उत्तर येतें. लेखकाचें नांव कापून व्हॉट्सॲपवर फिरविलेला लेख आपण आवडीनें वाचतों आणि तसाच पुढें धाडतों. कवीला संमेलनास बोलावतों, शाल घालतों, आणि त्याच्या प्रवासखर्चाची गोष्ट निघाली कीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतों. या शहरांतलें करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून चालत आलें आहे. त्याची सभासद-वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटाशीं ताडून पाहावी आणि आपल्या घरांतून ती भरली जाते कीं नाहीं हें प्रत्येकानें आपल्याशीं पाहावें. माझा विद्यार्थी नाण्यांच्या मागें गेला, कारण त्याच्या चार मराठी लेखांना मोल देणारा त्याला कोणी दिसला नाहीं. त्या धनिक परदेशीयांना मराठी येत नव्हतें हें खरें. पण ज्यांना मराठी येतें त्यांनीं तरी काय केलें होतें?

गुऱ्हाळावरील तें पुस्तक अजून लिहून व्हावयाचें आहे. मीं त्याला सांगितलें आहे कीं, तूं एक प्रकरण पुरें कर, मी आगाऊ वर्गणीदार मिळवितों. आजवर सतरा मिळाले आहेत. त्यांत वाणिज्य शाखेचे आमचे तरुण प्राध्यापकहि आहेत. आणि त्यांनीं वर्गणी रुपयांतच दिली आहे, हें त्यांच्या मताविषयीं पूर्ण आदर राखून येथें नमूद करतों.